चासीला पीळ घेऊ द्या : मोहिमेच्या कॅम्परची बॉडी चासीवर कशी बसवावी

स्पीतीहून परतल्यावर गाडी धुताना दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली वीतभर लांबीची तिरपी चीर मला दिसली. ग्रामफू ते बातल हा चंद्रा नदीकाठचा दगडगोट्यांचा रस्ता आम्ही जेमतेम दहा-पंधराच्या वेगाने कापला होता, गाडी कुठे आपटली नव्हती, तरीही भिंत फाटली होती. बॉडी बांधणाऱ्याने कामात कसूर केली नव्हती. मालवाहू ट्रकची बॉडी बसवतात तशीच त्याने ती दहा यू-बोल्टांनी चासीला करकचून आवळून दिली होती. पण वाळू-विटा वाहणाऱ्या ट्रकची बॉडी वरून उघडी असते, ती थोडी वाकते, कुरकुरते आणि पुन्हा जागेवर येते. राहण्याची बॉडी ही सहाही बाजूंनी बंद असलेली पेटी असते आणि तिचा स्वभाव ‘मोडेन पण वाकणार नाही’ असा असतो. खालची चासी मात्र वाकण्यासाठीच घडवलेली असते. या दोघींना एकमेकींशी जखडले की दोघींपैकी एक मोडते. माझी बॉडी मोडली हे एका अर्थी बरेच झाले, कारण चासी मोडली असती तर आम्ही बातललाच अडकलो असतो.

पुढचे विवेचन शिडीसारखी चासी असलेल्या लहान व मध्यम ट्रकसाठी, म्हणजे टाटा ४०७ च्या आकारापासून पुढच्या गाड्यांसाठी आहे. ज्या व्हॅनमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

चासी पीळ का घेते

ट्रकच्या चासीत लांबीच्या दिशेने दोन लाँग मेंबर असतात आणि त्यांना जोडणारे चार-सहा क्रॉस मेंबर रिव्हेट मारून बसवलेले असतात. लाँग मेंबरचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा, एका बाजूने उघडा असतो. त्याच्या उभ्या बाजूला वेब आणि वरच्या-खालच्या आडव्या कडांना फ्लँज म्हणतात. असा उघडा छेद सरळ भाराखाली चांगला तग धरतो, पण पिळला तर सहज पिळला जातो. किती सहज, ते आकड्यांत पाहू. १५० मिमी उंच, ६० मिमी रुंद आणि ५ मिमी जाडीची सी-पट्टी आणि त्याच मापांची चारही बाजूंनी बंद असलेली नळी यांचा पिळाला होणारा विरोध मांडून पाहिला, तर बंद नळी अडीचशे पटींहून अधिक ताठ निघते. वजन साधारण दीडपट होते, ताठपणात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

गाडी बनवणाऱ्यांनी उघडा छेद जाणूनबुजून निवडलेला असतो. एक चाक खड्ड्यात आणि तिरके समोरचे चाक दगडावर असताना पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) हालचाल अपुरी पडते, तेव्हा उरलेली हालचाल चासी स्वतः पिळून देते आणि चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात. म्हणूनच चासी ‘मजबूत’ करण्यासाठी सी-पट्टीची उघडी बाजू प्लेट वेल्ड करून बंद करू नये. असे केल्याने पीळ नाहीसा होत नाही. जिथे प्लेट संपते तिथे तो गोळा होतो आणि चासीला तिथेच तडा जातो.

जगातल्या सगळ्या ट्रकांना हा नियम सारखा लागू नाही. टाट्रा ही चेक कंपनी १९२३ पासून गाडीच्या मधोमध जाणाऱ्या एका जाड नळीभोवती चासी उभारते. जर्मन सैन्याच्या मान कॅट-१ या ट्रकची चासी बंद छेदाची आहे. या दोन्ही चासी पीळ जवळजवळ घेतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बॉडी थेट बसवता येते. याच्या उलट टोकाला युनिमॉग आहे. त्याची चासी इतकी पिळते की तिच्यावर काहीही बसवायचे असेल तर ते पिळापासून सुटे ठेवणाऱ्या आधारांवरच बसवावे लागते. परदेशी गाड्यांची छायाचित्रे पाहून आधाराची पद्धत उचलणाऱ्यांनी त्या छायाचित्रातली चासी कोणत्या जातीची आहे, हे आधी पाहावे.

पहिले काम : पीळ मोजा

कोणतेही लोखंड विकत घेण्यापूर्वी रिकामी केबिन-चासी सपाट सिमेंटच्या जागेवर उभी करा. केबिनच्या लगेच मागे एक आणि चासीच्या शेपटाला एक, असे दोन सरळ ॲल्युमिनियमचे पाइप दोन्ही लाँग मेंबरवर आडवे ठेवून शिकंज्याने पक्के करा आणि कोनमापकाने दोघांचा उतार टिपून घ्या. मग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सुमारे ३०० मिमी उंचीच्या लाकडी ओंडक्यांवर हळूहळू चढवा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि पुन्हा कोन वाचा. दोन्ही पाइपांच्या उतारातला फरक म्हणजे तुमच्या चासीचा पीळ. गाडी अशी तिरकी उभी असताना तिच्याखाली जाऊ नये.

समजा हा फरक ३ अंश आला. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण दोन लाँग मेंबरमधले अंतर ८०० मिमी असेल, तर एका टोकाशी एक लाँग मेंबर दुसऱ्याच्या तुलनेत ४२ मिमी वर गेलेला असतो. आणि त्यावर २,००० मिमी रुंदीची बॉडी असेल, तर तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हाच फरक १०५ मिमी होतो. चार इंचांची ही हालचाल कुठेतरी व्हावीच लागते. ती आधारांमध्ये व्हावी, भिंतीत होऊ नये, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे. रिकाम्या चासीवर मोजलेला पीळ भरलेल्या गाडीत वाढतो, म्हणून पुढची मापे ठरवताना त्यावर निम्मी वाढ धरून चालावे, असे माझे मत आहे.

वजन आणि कागदपत्रे

वजनकाट्यावर रिकामी चासी पूर्ण, नंतर फक्त पुढची चाके आणि नंतर फक्त मागची चाके, अशी तीनदा तोलून घ्या. नोंदणी प्रमाणपत्रातील कमाल वजनातून रिकामे वजन वजा केले की हातात किती किलो आहेत ते कळते, आणि ते नेहमीच अपेक्षेपेक्षा कमी भरतात. त्यानंतर प्रत्येक जड वस्तूचा भार दोन्ही आसांवर (ॲक्सलवर) कसा वाटला जाईल, ते मांडा. दोन आसांमधील अंतर ३,४०० मिमी आहे आणि १५० लिटरची पाण्याची टाकी मागच्या आसाच्या ८५० मिमी पुढे ठेवली आहे, असे धरा. तिच्यातल्या पाण्याचे ३७.५ किलो पुढच्या आसावर आणि ११२.५ किलो मागच्या आसावर जातील. आता ६० किलोचे जादा चाक मागच्या आसाच्या १,२०० मिमी मागे टांगले, तर मागच्या आसावर ६० नाही, ८१ किलो येतील आणि पुढचा आस २१ किलोने हलका होईल. घाटात ओल्या रस्त्यावर वळताना हे गेलेले २१ किलो स्टिअरिंगमध्ये जाणवतात. सगळ्या जड वस्तू दोन आसांच्या मध्ये आणि जमेल तितक्या खाली ठेवण्याचा आग्रह यासाठीच असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ प्रमाणे मागच्या आसाच्या मागे येणारा भाग आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. आपल्या उदाहरणात ही मर्यादा २,०४० मिमी होते. नाल्यातून वर चढताना बॉडीचे शेपूट घासू नये, यासाठी मी त्याच्या निम्म्याच्या जवळ थांबेन.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून वापरातल्या ट्रकवर परस्पर बॉडी चढवण्यापेक्षा, नवीन केबिन-चासी घेऊन ती सुरुवातीपासूनच मोटार कॅरव्हान म्हणून नोंदवण्याचा मार्ग अधिक सरळ आहे. मोटार कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. वाहनांची तपासणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत आणि व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे; महाराष्ट्रातल्या माणसाला ही मोठी सोय आहे. आराखडा कागदावर असतानाच आरटीओकडे आणि बॉडी बांधणाऱ्याकडे ही चौकशी पूर्ण करा.

आधाराची पद्धत निवडा

खऱ्या अर्थाने उपयोगी पडणाऱ्या पद्धती तीन आहेत.

पहिली स्प्रिंगची. यात सबफ्रेम, म्हणजे बॉडी ज्यावर बसते तो लोखंडी सांगाडा, लाँग मेंबरवर पूर्ण लांबीभर टेकलेली असते आणि दोघांमध्ये कठीण लाकडाचा रनर किंवा जाड प्लास्टिकची पट्टी असते. मागच्या आसाच्या आसपास सबफ्रेम चासीच्या वेबला प्लेटांनी पक्की जोडतात. पुढच्या भागात मात्र लांब बोल्ट घालून त्यांवर दाबाच्या स्प्रिंग बसवतात. चासी पिळली की एका बाजूचा लाँग मेंबर सबफ्रेमपासून खाली सुटतो, स्प्रिंग दबते आणि पीळ संपला की सबफ्रेम पुन्हा टेकते. आपल्या उदाहरणात सर्वांत पुढची स्प्रिंग आधीचा ताण देऊन बसवल्यानंतरही किमान ४२ मिमी, निम्मी वाढ धरली तर ६३ मिमी, आणखी दबू शकली पाहिजे. तिची वेटोळी त्याआधीच एकमेकांना टेकली, तर ती स्प्रिंग उरत नाही, साधा बोल्ट होते. बॉडी आडवी सरकू नये म्हणून बाहेरच्या बाजूने मार्गदर्शक प्लेटा लावतात. सबफ्रेम ६३ मिमी उचलली गेली तरी त्या वेबवरून सुटता कामा नयेत, म्हणून त्या किमान ८० मिमी खाली उतरलेल्या असाव्यात. या पद्धतीत भार चासीवर सलग पसरतो, उंची फार वाढत नाही आणि चुकीला थोडी क्षमा असते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला मी हीच पद्धत सुचवतो.

दुसरी तीन आधारांची. मागे दोन्ही लाँग मेंबरवर एकेक आधार आणि पुढे, केबिनच्या मागे, मधोमध एकच फिरता आधार. तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर डगमगत नाही, हे तत्त्व इथे आहे. पुढच्या आधाराची पिन गाडीच्या लांबीच्या दिशेने असली पाहिजे. मागचे आधारही ताठ ठेवून चालत नाही, कारण पिळात एक लाँग मेंबर पुढे झुकतो आणि दुसरा मागे. त्यामुळे तिथे आडव्या पिनवर रबरी बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, हवे. नवशिक्यांच्या कामात हे मागचे बुशच राहून जाते, आणि मग वर्षभरात मागच्या ब्रॅकेटला तडे दिसू लागतात. दुसरी अडचण अशी की पुढचा सगळा भार एकाच क्रॉस मेंबरवर येतो, आणि मूळचा क्रॉस मेंबर दोन लाँग मेंबरना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरण्यापुरताच असतो. तिथे भार पेलणारा नवा क्रॉस मेंबर वेबला बोल्टांनी जोडावा लागतो, तोही कोपऱ्यात मोठ्या तिकोनी प्लेटा न लावता, नाहीतर ज्या पिळासाठी हे सगळे केले तोच तिथे अडतो. या पद्धतीत बॉडी मागच्या आसाबरोबर कलते, म्हणून १०५ मिमीची, निम्मी वाढ धरली तर सुमारे १५७ मिमीची, सगळी हालचाल केबिन आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत दिसते. केबिनमधून मागे जाण्यासाठी वाट ठेवायची असेल, तर तिथले रबरी आवरण तेवढे ताणले गेले पाहिजे.

तिसरी चार आधारांची, शंकरपाळ्याच्या आकारात मांडलेली. पुढे मधोमध एक, मागे मधोमध एक आणि मधल्या भागात डावी-उजवीकडे एकेक. बॉडी चासीच्या मध्याचा उतार घेते, त्यामुळे अर्धा पीळ पुढे आणि अर्धा मागे वाटला जातो. खूप पिळणाऱ्या चासीसाठी ही सर्वांत चांगली पद्धत आहे, पण चारही आधार एका पातळीत अचूक बसवावे लागतात. लहान ट्रकसाठी एवढा खर्च मी करणार नाही.

फिरते आधार घ्यायचे असतील, तर पिन आणि बुश खास घडवून घेण्यापेक्षा तुमच्याच ट्रकच्या पाट्यांना लागणारे वापरा. ते पिढ्यान्‌पिढ्या चिखलात टिकलेले आहेत आणि लेह, मनालीतही मिळतात. आधारांची जागा पाट्यांच्या हँगरच्या, म्हणजे पाट्यांची टोके चासीला जोडणाऱ्या ब्रॅकेटच्या, जवळ असावी, कारण चासी तिथे आधीच बळकट केलेली असते आणि भार थेट पाट्यांत उतरतो.

याच कारणासाठी पिकअपवाल्यांनाही एक सूचना करतो. डबल केबिन पिकअपच्या मागे जड कॅम्पर ठेवून गाडी बसते म्हणून आस आणि चासी यांच्यामध्ये हवेची पिशवी लावतात. पाट्यांचा भार चासीला दोन हँगरांवर मिळत होता. पिशवी तो त्या दोहोंच्या मधल्या एकाच जागी देते, आणि मागे टांगलेल्या वजनामुळे चासी तिथेच वाकते. गाडीची पाठ उचललेली दिसते, पण वजन तेवढेच असते.

सबफ्रेम, भोके आणि बोल्ट

स्प्रिंगच्या पद्धतीत सबफ्रेम फार जड लागत नाही, कारण ती चासीवर टेकलेली असते. तीन किंवा चार आधारांत ती दोन आधारांमध्ये पुलासारखी पडते, म्हणून उंच छेदाची घ्यावी लागते. नळीची उंची दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध दुपटीपेक्षा कितीतरी अधिक वाढतो. जाडी वाढवून तेवढे साधत नाही. चासीवर टेकणाऱ्या सबफ्रेमचे पुढचे टोक चौकोनी कापून सोडू नये. ते खालून तिरके निमुळते करावे आणि जमेल तितके पुढे, पुढच्या पाट्यांच्या मागच्या हँगरपर्यंत न्यावे. ताठ सबफ्रेम जिथे एकदम संपते तिथे लवचीक चासीला तडा जातो, आणि ती जागा बहुधा केबिनच्या लगेच मागे, नजरेआड असते.

चासीच्या फ्लँजला भोक पाडू नये. भोक वेबलाच पाडावे, फ्लँजच्या वळणापासून दूर, ड्रिलने. गॅसने कधीही नाही. भोकाची धार कानसून गुळगुळीत करावी आणि लगेच प्रायमर लावावा. बहुतेक चासींवर मूळची मोकळी भोके असतात, ती आधी वापरावीत. प्रत्येक उत्पादक बॉडी बांधणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढतो. कुठे भोक चालते, कुठे नाही, हे तिच्यात मापांसह दिलेले असते. ती मिळवल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. लाँग मेंबरवर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने त्या पोलादाची ताकद वेल्डच्या कडेला उतरते. इतरत्र वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटचे जोड आधी काढून ठेवावेत.

यू-बोल्ट वापरावेच लागले, तर एक गोष्ट जवळून पाहून घ्या. यू-बोल्ट आवळला की सी-पट्टीच्या दोन्ही फ्लँज एकमेकींकडे दाबल्या जातात. पट्टीच्या आत नेमक्या उंचीचा आधार घातला नसेल, तर कडा हळूहळू आत झुकतात आणि बोल्ट दर महिन्याला सैल सापडतो. सैल सापडतो म्हणून आणखी आवळला जातो, आणि फ्लँज आणखी झुकते. आत पोलादी तुकडा घाला. सायलेन्सरजवळ लाकडाचा तुकडा नको. लाँग मेंबरच्या आतून ब्रेकचा पाइप आणि वायरिंग जाते, ते या तुकड्याखाली चिरडले जात नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ प्रतीचे घ्या. डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो, नसेल तर बोल्ट परत करा. कडक वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) आणि टॉर्क पाना हवा. एम-१२ मापाचा ८.८ प्रतीचा बोल्ट साधारणपणे ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात.

मोकळी जागा

बॉडी कायमची बसवण्यापूर्वी मागचा आस रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत टायर वर आला, तर तो बॉडीला किंवा चाकावरच्या पत्र्याला लागतो का, हे प्रत्यक्ष पाहा. डिझेलची टाकी भरण्याचे तोंड, बॅटरी आणि हवेच्या टाक्यांच्या झडपा यांच्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. केबिन पुढे झुकणारी असेल, तर ती बॉडीला न अडकता पूर्ण उघडली पाहिजे. बीएस-६ गाड्यांचा काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्याच्यावरच्या भागात प्लायवूड, फोम किंवा पाण्याचा प्लास्टिक पाइप ठेवू नये आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा द्यावा. कोकणात राहणाऱ्यांनी रंगाआधी सगळ्या नळ्यांची टोके बंद करावीत आणि ॲल्युमिनियम व पोलाद जिथे भेटतात तिथे रबर किंवा प्लास्टिक घालावे.

बसवल्यानंतर

पाणी, डिझेल आणि सामान भरून गाडी पुन्हा त्याच ३०० मिमीच्या ओंडक्यांवर चढवा. बॉडीचा दरवाजा आणि सगळ्या खिडक्या या स्थितीत उघडून-मिटून पाहा. सपाटीवर सहज लागणारा दरवाजा इथे अडत असेल, तर पीळ बॉडीत शिरतो आहे आणि आधारांपैकी एखादा अजून जखडलेला आहे. केबिन आणि बॉडीमधली फट चारही कोपऱ्यांत मोजून वहीत लिहा.

प्रत्येक नट आवळल्यावर नट आणि ब्रॅकेट यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर आणि खराब रस्त्याच्या प्रत्येक दिवसानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली जा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. मग हँगरच्या कडा, सबफ्रेमचे पुढचे टोक आणि क्रॉस मेंबरचे रिव्हेट या तीन जागा कापडाने पुसून पाहा. पुसल्यावरही केसासारखी बारीक तांबूस रेघ पुन्हा उमटत असेल, तर तो चिखल नाही, तडा आहे; त्यावर वेल्डिंगची पट्टी मारून पुढे जाऊ नका, आधी कोणता आधार हलायचा थांबला आहे ते शोधा.